खुर्ची मुंबईत बदलते, हप्ता तालुक्यात अडतो: दिव्यांग साहाय्य सेवेचे कोकणातून परीक्षण

महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी, जागतिक दिव्यांग दिनाच्या मुहूर्तावर, दिव्यांगांसाठी स्वतंत्र खात्याची घोषणा केली, तेव्हा ११४३ कोटी रुपयांची तरतूद आणि २०६३ पदे यांचाही उल्लेख झाला होता. तोवर हा विषय सामाजिक न्याय खात्याच्या लांबलचक यादीत कुठेतरी मध्यावर असे. पुढे विधानसभेची निवडणूक झाली, डिसेंबर २०२४ मध्ये नवे मंत्रिमंडळ आले, दिव्यांग कल्याण खाते अतुल सावे यांच्याकडे गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तुकाराम मुंढे यांची या विभागाच्या सचिवपदी बदली झाली. या प्रत्येक बदलाची बातमी आमच्याकडे पोहोचली आणि तिच्यावर एस.टी.च्या थांब्यावर व रेशनच्या रांगेत चर्चाही झाली, कारण ज्यांच्या घरी दिव्यांग माणूस आहे त्यांच्यासाठी खात्याचा प्रमुख कोण हा प्रश्न महिन्याच्या हप्त्याशी जोडलेला असतो. या सेवेचे हे परीक्षण कोकणातील एका खाडीकाठच्या गावातून लिहीत आहे. माझे थोरले बंधू लहानपणीच्या पोलिओमुळे कुबड्यांवर चालतात आणि संजय गांधी योजनेचे लाभार्थी आहेत. त्यांच्या निमित्ताने वाडीतील इतर काही जणांचे कागदही मीच भरतो, त्यामुळे वर झालेल्या बदलांतले खाली काय उतरते हे जवळून पाहता येते.

आधी या सेवेची रचना सांगितली पाहिजे, कारण बहुतेक अपेक्षाभंगांचे मूळ तिथे आहे. नाव एका खात्याचे असले तरी लाभ अनेक दारांतून मिळतो. दरमहाचे अर्थसाहाय्य १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून येते. ती योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची, आणि तिची अंमलबजावणी महसूल खात्याच्या तहसील कार्यालयातून होते. त्या अर्थसाहाय्यासाठी लागणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आरोग्य खात्याच्या रुग्णालयातून मिळते. एस.टी.च्या भाड्यातील ७५ टक्के सवलत परिवहन महामंडळ देते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, तो कारभार ग्रामविकासाचा. बीजभांडवल आणि विशेष शाळा यांसाठी आजवर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग गाठावा लागत आला आहे. याचा सरळ अर्थ असा की, मंत्रालयात दिव्यांग कल्याण विभागाचा सचिव कितीही तळमळीचा आला, तरी माझ्या बंधूंना ज्या खिडक्यांवर उभे राहावे लागते त्यांपैकी बहुतेक खिडक्यांमागचा माणूस त्या सचिवाच्या हुकमतीत नसतो. स्वतंत्र खाते होऊनही ही फाटाफूट तशीच राहिली, आणि माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. प्रमुख बदलल्याने ती भरून येणारी नाही. त्यासाठी निर्णयाचे अधिकार एका जागी आणावे लागतील.

आता जे खरोखर बदलले त्याविषयी. दिव्यांगांचे अर्थसाहाय्य कित्येक वर्षे दरमहा ६०० रुपयांवर अडकून होते. २०१९ मध्ये ते १००० झाले, जुलै २०२३ पासून १५०० झाले आणि सप्टेंबर २०२५ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २५०० करण्यात आले. या शेवटच्या वाढीचे श्रेय कोणा एका खुर्चीला देता येणार नाही. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबरच दिव्यांगांना दरमहा ६००० रुपये मिळावेत यासाठी अन्नत्याग केला होता, आणि त्या दबावाचा परिणाम पुढच्या निर्णयात नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६००० ची मागणी आणि २५०० चा निर्णय यांतील अंतर मोठे आहे. तरीही ज्या घरात औषधे, रिक्षाचे भाडे आणि कुबडीच्या रबरी टोपणांपर्यंतचा खर्च याच पैशांतून निघतो, तिथे दरमहाचे वाढीव हजार रुपये म्हणजे किती मोठा आधार असतो हे मी घरीच पाहतो. शासनाच्या या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो.

मात्र निर्णय झाला आणि पैसे वाढले, इतके हे सोपे नव्हते. आमच्या वाडीतील काही जणांच्या खात्यात वाढीव रक्कम आली, तर काहींच्या खात्यात १५०० च जमा होत राहिले. तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत विचारणा केली तेव्हा तिथल्या लिपिक बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि माझ्या बंधूंना म्हणाल्या, "काका, हे बघा, पोर्टलवर तुमचं नाव नुसतं निराधारात आहे, दिव्यांगात नाही. यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स आणि आधार द्या, आत्ताच नोंद करते." (यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे विशेष ओळखपत्र.) आणि त्यांनी खरोखरच आमच्यासमोर नोंद केली. निघताना दारावर त्यांनीच स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून लावलेला कागद दिसला: कोणती कागदपत्रे लागतील, कोणत्या वारी शाखेत साहेब असतात, आणि ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्या वतीने घरच्या माणसाने काय आणावे. तो कागद इतका खाली चिकटवला होता की चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही तो सहज वाचता यावा. कोणत्याही शासन निर्णयात असा कागद लावण्याची सूचना मला आढळली नाही. ती त्या बाईंची स्वतःची जाण होती.

त्याच शाखेत याआधीचा अनुभव वेगळा होता. शाखेचा कार्यभार असलेल्या नायब तहसीलदारांची बदली झाली, नवे साहेब रुजू होईपर्यंत कार्यभार दुसऱ्या शाखेच्या अधिकाऱ्याकडे राहिला, आणि त्या काळात दिलेल्या अर्जांवर सह्याच झाल्या नाहीत. वाडीतील एका अंध काकींचा अर्ज या मधल्या काळात असा पडून राहिला की, पुढे त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला पुन्हा नव्याने मागण्यात आला, कारण जुन्या दाखल्याची मुदत संपली होती. ज्या विलंबात त्यांचा काहीही दोष नव्हता, त्याची किंमत त्यांनी पुन्हा तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात जाऊन मोजली. प्रमुखांच्या बदलाचा खरा फटका सर्वसामान्य लाभार्थ्याला बसतो तो इथे, तालुक्याच्या पातळीवर. सचिवाची बदली वर्तमानपत्रात येते, नायब तहसीलदाराची येत नाही, पण हप्ता अडतो तो दुसऱ्या बदलीने.

आणखी एक बदल असा आहे की, ज्याची जाणीव शहरातील वाचकांना फारशी नसते. संजय गांधी योजनेचे अर्ज मंजूर करण्यासाठी तालुक्यात समिती असते, आणि तिचे अशासकीय अध्यक्ष व सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमले जातात. सरकार किंवा पालकमंत्री बदलले की जुनी समिती जाते आणि नवी नेमली जाईपर्यंत अर्जांच्या मंजुरीचा वेग पूर्णपणे त्या त्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून राहतो. समिती असावी की नसावी याविषयी दोन मते आहेत. गावातील माणसांची खरी परिस्थिती माहीत असलेले स्थानिक सदस्य असणे उपयोगाचे आहे, हे मी मान्य करतो. परंतु ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ज्याच्याकडे आहे, त्याच्या अर्जाला राजकीय नेमणुकीची वाट पाहायला लावणे मला कोणत्याही प्रकारे समर्थनीय वाटत नाही.

यावर उपाय म्हणून नवा कायदा आणण्याचीही गरज नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम आहे. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा ठरवला आहे आणि त्याच अधिनियमात असेही म्हटले आहे की, कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणांत ४५ दिवसांत निर्णय व्हावा आणि तशी गरज असेल तर ३ महिन्यांत. बदली आणि विलंब हे दोन विषय एकाच कायद्यात घालणाऱ्यांना त्यांचा परस्परसंबंध नीट कळला होता. तुकाराम मुंढे यांच्या सुमारे २० वर्षांच्या सेवेत २० हून अधिक बदल्या झाल्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या विभागाची घडी अजून बसायची आहे तिथे प्रमुखाला पूर्ण ३ वर्षे मिळणे ही लाभार्थ्यांची गरज आहे. विशेष शाळांचे अनुदान, मान्यता, कर्मचाऱ्यांची प्रकरणे हे सारे समजून घेण्यातच पहिले वर्ष जाते.

मुंढे यांच्या काळात गाजलेले काम म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे आदेश. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर वाद झाल्यानंतर या विषयाकडे डोळेझाक करणे अशक्य झाले होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ९१ नुसार दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम होतेच, ते वापरण्याची इच्छा दाखवली गेली, आणि त्याबद्दल विभागाला पूर्ण गुण दिले पाहिजेत. खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी किंवा सोयीची बदली मिळवणारा माणूस माझ्या बंधूंसारख्यांची जागा अडवत असतो. तरीही एक सूचना कळकळीने करावीशी वाटते: पडताळणीच्या कामाने वैद्यकीय मंडळाचा वेळ व्यापला जाणार असेल, तर नव्या अर्जदारांसाठी स्वतंत्र दिवस ठरवून द्यावा. आमच्या जिल्हा रुग्णालयात मंडळ ठरावीक वारीच बसते. खाडीपलीकडच्या गावातून पहिली फेरीबोट आणि मग एस.टी. पकडून आलेल्या माणसाला "आज डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" असे सांगणे म्हणजे त्याचा आणि त्याच्या सोबत्याचा मिळून दोन माणसांचा दिवस बुडवणे होय.

प्रमाणपत्राच्या बाबतीत यंत्रणा सुधारली आहे, हे मात्र निःसंशय. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन पद्धतीने, यूडीआयडी पोर्टलवरूनच दिले जाते. त्यामुळे हस्तलिखित दाखल्यांवरून होणारी वादावादी थांबली. २०१६ च्या कायद्याने पूर्वीच्या ७ ऐवजी २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या पालकांनाही आता अर्ज करता येतो. अडचण येते ती तपासणीच्या सोयीत. आमच्या वाडीतील एका लहान मुलाला ऐकू येत नाही. त्याच्या श्रवणशक्तीची ‘बेरा’ तपासणी जवळ कुठे होईना, म्हणून त्याच्या आईवडिलांना घाट चढून कोल्हापूरला जावे लागले. २०२३ मध्ये ‘दिव्यांग कल्याण विभाग दिव्यांगांच्या दारी’ हे अभियान बच्चू कडू यांच्या पुढाकाराने राज्यभर राबवले गेले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे झाली. एकाच मांडवात सगळी खाती बसलेली असणे हा त्या अभियानाचा सर्वांत मोलाचा भाग होता. अशी शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी, पावसाळा संपल्यावर आणि गणपती आटोपल्यावर, दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात झाली पाहिजेत. एखादा उत्साही प्रमुख आला की शिबिर आणि तो गेला की सामसूम, ही रीत बदलावी.

इमारतींविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखे चांगले फार नाही. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत सुगम्य व्हायला हव्या होत्या. केंद्राचे नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्येच उलटली. आमच्या तालुक्याची संजय गांधी शाखा आजही पहिल्या मजल्यावर आहे. खाली उतार केला आहे, पण त्याला कठडा एकाच बाजूला, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. माझे बंधू त्या उतारापेक्षा जांभ्याच्या पायऱ्या बऱ्या म्हणतात, कारण गावातल्या पाखाडीवर चढउतार करून त्यांच्या कुबड्यांना पायऱ्यांची सवय आहे. लिपिक बाई अनेकदा स्वतः खाली येऊन कागद घेऊन जातात. शाखा तळमजल्यावर हलवण्यासाठी कोणत्या पातळीवरची मंजुरी लागते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

खात्याच्या शिखरावर कोण बसतो याबरोबरच तिथे दिव्यांगांचा स्वतःचा आवाज किती आहे, हेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियात दिव्यांगांच्या विमा योजनेचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था आहे. २०२२ मध्ये तिच्या अध्यक्षपदी कर्ट फर्नले या चाकाच्या खुर्चीच्या शर्यतींतील पॅरालिम्पिक विजेत्याची निवड झाली, आणि स्वतः दिव्यांग असलेली व्यक्ती त्या पदावर प्रथमच आली. आपल्या कायद्यातही याची बीजे आहेत. कलम ६६ प्रमाणे राज्य सल्लागार मंडळ असते, त्यात दिव्यांग व्यक्तींना व जिल्ह्यांच्या प्रतिनिधींना आळीपाळीने स्थान द्यायचे असते, आणि मंडळाची बैठक ६ महिन्यांतून किमान एकदा व्हावी असे बंधन आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या प्रतिनिधीला या मंडळात स्थान मिळाले, तर फेरीबोट, घाट आणि वाड्यावाड्यांत विखुरलेली वस्ती हे प्रश्न मंत्रालयाच्या टेबलावर येतील. मैदानी जिल्ह्याचे वेळापत्रक कोकणाला लावून चालत नाही, हे तिथे कोणीतरी बसून सांगावे लागते.

पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण या साऱ्या विखुरलेल्या व्यवस्थेत सर्व खात्यांना जाब विचारण्याचा अधिकार असलेली जागा तीच आहे. कायद्यानुसार राज्य आयुक्त दिव्यांगांच्या हक्कांच्या उल्लंघनाची स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय कारवाई केली हे संबंधित प्राधिकरणाने ३ महिन्यांत कळवायचे असते. महसूल असो, आरोग्य असो वा परिवहन, कोणीही या कक्षेबाहेर नाही. म्हणून सचिवपदावरील बदलापेक्षा आयुक्तपदावर कोण येतो आणि किती काळ टिकतो, याकडे आपण जास्त बारकाईने पाहिले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ज्या आयुक्ताला सुनावण्या कोकणात, निदान विभागवार, घेण्याची सवड आणि इच्छा असेल, त्याच्या काळात आमच्याकडील तक्रारींची संख्या वाढेल आणि ते चांगलेच होईल, कारण आज बरेच लोक पुण्याच्या अंतराकडे पाहून तक्रारच करत नाहीत.

एकूण सेवेबद्दल माझे मत असे आहे: अर्थसाहाय्याची रक्कम आणि ऑनलाइन प्रमाणपत्र या दोन बाबतींत ती पाच वर्षांपूर्वीपेक्षा निश्चित चांगली आहे, पडताळणीच्या मोहिमेमुळे विभागाचा दरारा वाढला आहे, तपासणीच्या सोयी, इमारती आणि तालुका पातळीवरील सातत्य यांत ती कमी पडते. ज्यांना आता अर्ज करायचा आहे त्यांनी यूडीआयडी कार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आधी तयार ठेवावा. ज्यांना जुन्या दरानेच पैसे येत आहेत त्यांनी पोर्टलवर आपली नोंद दिव्यांग म्हणून आहे का, हे शाखेत जाऊन पडद्यावर दाखवायला सांगावे, नुसत्या तोंडी उत्तरावर परतू नये. अर्ज देताना त्याची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी, कारण पुढे तहसीलदारांकडे किंवा आयुक्तांकडे विलंबाची तक्रार करताना सर्वांत आधी तीच तारीख विचारली जाते.